ऐकणारं गाव आणि एकटा विद्यार्थी : बीडमधून पाहिलेला मोफत शिक्षणाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता अगदी ताजा आहे. इंटरनेटवरून मोफत शिकवले जाणारे, एकाच वेळी हजारो-लाखो लोकांना खुले असणारे अभ्यासक्रम. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्यांना ‘मूक’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाला काही अर्थ नाही, पण मराठीत आहे. मूक म्हणजे मुका. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिलं तेव्हा ज्यांना बोलू दिलं गेलं नव्हतं त्यांच्याबद्दल ते बोलत होते. नावातला हा योगायोग गमतीचा म्हणून आम्ही सोडून दिला असता. पण विषयात जसजसं आत जातो तसतसं लक्षात येतं की खरा प्रश्न तिथंच आहे. शिकवणारा लाखोंशी बोलतो, हे झालं. शिकणारा कोणाशी बोलतो?

या प्रश्नाकडे आज आपण बीड जिल्ह्यातून पाहणार आहोत. सिलिकॉन व्हॅलीतून पाहिलेलं चित्र आपण पुष्कळदा पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात अकरा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार, साक्षरता ७७ टक्क्यांच्या आसपास, आणि दर पाच माणसांतली चार खेड्यात राहणारी. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे स्टॅनफर्डचा प्राध्यापक बीडमधल्या एखाद्या खोलीतल्या मोबाइलवर आधी पोचला, आणि नगरहून रेल्वे नंतर. मोफत ऑनलाइन शिक्षणाचं सगळं आश्वासन या एका गोष्टीत आहे. रस्ता नाही, प्राध्यापक नाही, प्रयोगशाळा नाही, तरी ज्ञान येऊ शकतं. हे आश्वासन खोटं नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पुढे बरीच टीका येणार आहे.

आधी थोडक्यात जगाची गोष्ट. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम घेतला. वर्गात फी भरलेले पंचवीसेक विद्यार्थी, आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले दोन हजारांहून जास्त. ‘मूक’ हा शब्द त्यातूनच निघाला. पण जगाला धक्का बसला तो २०११ मध्ये. स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावं नोंदवली. शेवटपर्यंत टिकले साधारण २३ हजार. दुसऱ्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा आणि एमआयटी-हार्वर्डचं एडएक्स सुरू झालं. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१२ ला ‘मूकचं वर्ष’ म्हटलं. आता विद्यापीठांच्या भिंती पडणार, असं बोललं जाऊ लागलं.

त्या काळात सगळीकडे सांगितली गेलेली एक गोष्ट आहे. मंगोलियातल्या उलानबातरमधला बत्तुशिग नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा. एमआयटीच्या विद्युत मंडलं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात त्यानं पैकीच्या पैकी गुण मिळवले. जवळपास १ लाख ५५ हजारांनी नावं नोंदवलेल्या त्या अभ्यासक्रमात सात हजारांच्या थोडे वर लोक उत्तीर्ण झाले, त्यातला हा. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना तिचा अर्धा भाग गळतो. बत्तुशिगच्या शाळेचा मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेला होता, त्या विद्यापीठातून पदवी घेणारा पहिला मंगोलियन. शिवाय स्टॅनफर्डमधला एक संशोधक प्रयोगाचं साहित्य घेऊन त्या शाळेत आला आणि मुलांबरोबर बसला. म्हणजे मुलगा हुशार होताच, अभ्यासक्रम उत्तम होताच. पण शेजारी दोन माणसं होती. ही शेजारची माणसं आपण लक्षात ठेवू. पुढे त्यांचीच गरज लागणार आहे.

मग आकडे आले, आणि उत्साह थोडा उतरला. २०१३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पाचांतल्या चाराहून जास्त लोकांकडे आधीच पदवी होती. भारत, चीन, ब्राझील अशा देशांतून आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के त्या त्या देशातल्या सर्वात सधन ६ टक्क्यांतले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या सहा वर्षांच्या नोंदींवरचा लेख आला. त्यात दिसलं की नाव नोंदवणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक अभ्यासक्रम एकदाही उघडून बघत नाहीत. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३ टक्क्यांच्या जरा वर. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र ते ४६ टक्के होतं. म्हणजे जे मोफत म्हणून सुरू झालं, ते पैसे भरणाऱ्यांच्या बाबतीत बरं चाललं.

या ३ टक्क्यांवरून पुष्कळ लोक मूकची चेष्टा करतात. ती चेष्टा आम्हाला अर्धीच पटते. आपल्याकडे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथं श्रोत्यांपैकी किती जणांनी सगळी व्याख्यानं ‘पूर्ण’ केली, हे कोणी मोजलं का? माणूस एक दिवस आला, दोन दिवस आला नाही, चौथ्या दिवशी मागच्या रांगेत बसून डुलकी काढली. तरी व्याख्यानमाला यशस्वीच. आज आमचं हे भाषण वाचणाऱ्यांतलेही काही जण अर्ध्यातून उठणार, आणि त्यात कोणाचं नुकसान नाही. (आमचं थोडंसं आहे.) पण लक्षात घ्या, नुकसान का नाही? कारण पुण्यातल्या त्या श्रोत्याकडे बहुतेक वेळा शिक्षण, नोकरी, चार माणसांत ओळख होती. व्याख्यान ही त्यावरची भर होती. ज्याच्याकडे दुसरं काही नाही, ज्याची पदवी त्याच अभ्यासक्रमाच्या क्रेडिटवर अवलंबून आहे, त्याचं अर्धवट सुटणं म्हणजे नापास होणं. आकडा तोच, पण पुण्याच्या सदाशिव पेठेत त्याचा अर्थ एक, आणि शिरूर कासारमध्ये दुसरा.

आता आपण मागे जाऊ. ‘ज्ञान सर्वांपर्यंत पोचवायचं’ हा प्रयोग या भागात काही पहिल्यांदा होत नाही.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो, आणि त्याचं स्थळ कोणतं हा वाद विदर्भवाले आणि आम्ही अजून मिटवलेला नाही. त्याच गावात सोळाव्या शतकात दासोपंतांनी पंचीकरणासारखा तत्त्वज्ञानाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब कापडावर मराठी ओव्यांत लिहून काढला. ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. संस्कृतातलं ज्ञान लोकांच्या भाषेत आणायचं ही ओढ इथं जुनी आहे, एवढंच यातून घ्यायचं.

निजामाच्या राज्यात या ओढीला वेगळंच वळण मिळालं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि त्याचं माध्यम उर्दू ठेवलं गेलं. विज्ञान, इतिहास, वैद्यक या विषयांची इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणायला एक स्वतंत्र भाषांतर विभाग, दारुल तर्जुमा, उभा राहिला. आधुनिक उच्च शिक्षण भारतीय भाषेत देण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्या काळात दुसरा नव्हता. इतिहासकार म्हणून आम्ही त्याला मनापासून दाद देतो. पण बीडच्या शेतकऱ्याच्या घरातून तो कसा दिसत होता? घरात मराठी, दरबारात आणि शाळेत उर्दू, आणि पुढे जायचं तर इंग्रजीही. भाषांतर झालं होतं, पण त्याच्या भाषेत नव्हतं. म्हणून त्या काळात मराठवाड्यात राष्ट्रीय शाळा निघाल्या. अंबाजोगाईची, तेव्हाच्या मोमिनाबादची, योगेश्वरी शिक्षण संस्था १९१७ सालची. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली तिथं आले आणि शिकवू लागले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं, हे आपण जाणतोच. पण त्याआधी ते मास्तर होते हे आपण विसरतो. त्या शाळांकडे ना इमारती होत्या ना पैसा. मुलाच्या भाषेत बोलणारा आणि त्याच्या गावात राहणारा शिक्षक मात्र होता.

आजच्या मूकमध्ये उस्मानियाचा प्रश्न जसाच्या तसा परत आला आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेनं २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. व्याख्यानं उत्तम, पण इंग्रजीत. आता काहींची मराठी भाषांतरं होताहेत, यंत्रही भाषांतर करून देतं. चांगलं आहे. पण केजच्या जिल्हा परिषद शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला विचारा. पुस्तकात तो ‘विभवांतर’ शिकला. अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा तेच ‘पोटेन्शियल डिफरन्स’ झालं. आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याचा मामा ‘व्होल्टेज’ म्हणतो. या तिन्ही शब्दांना जोडून ‘अरे, हे तेच’ असं सांगणारा माणूस लागतो. भाषांतर करणाऱ्या यंत्राला मामा माहीत नसतो.

आता येतो तो प्रयोग, जो आमच्या मते मूकबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. तो बीडला झाला नाही, बीडच्या सीमेला लागून झाला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे केंद्राच्या आसपासचे पाच मराठी जिल्हे निवडले : पुणे, तेव्हाचं अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, मुंबई राज्यात यायला १ नोव्हेंबर उजाडायचा होता. म्हणून आष्टीच्या पलीकडच्या गावांत तो प्रयोग झाला, अलीकडच्या गावांत नाही. एका प्रशासकीय रेघेनं असं पुष्कळ काही ठरतं.

प्रयोग असा. जवळपास दीडशे गावांत श्रोते मंडळं स्थापन केली. दहा-पंधरा-वीस माणसं, त्यांचा एक निमंत्रक, टिपण ठेवणारा एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. शेती, आरोग्य, शाळा, गावाची कामं असे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. यात काय पटलं, काय नाही, आपल्या गावात यातलं काय जमेल? अडलेले प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. कल्पना मूळची कॅनडाची. तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं चालत होती. म्हणजे पाहा, मूकही कॅनडातून निघालं आणि श्रोते मंडळंही. पण दोन्हींत सदुसष्ट वर्षांचं अंतर आहे, आणि आधीची गोष्ट नंतरच्यांना कोणी सांगितली नसावी असं वाटतं.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. तुलना तीन प्रकारच्या गावांची होती. जिथं रेडिओही आहे आणि मंडळही, जिथं रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि जिथं दोन्ही नाही. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. कार्यक्रम तोच, आवाज तोच, वेळ तीच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या गप्पांचा. शिवाय मंडळांत नुसतं ऐकणं राहिलं नाही. गावात काही गोष्टी करून पाहण्याचे निर्णयही झाले, आणि कधी नव्हे ते लहान शेतकऱ्याला मोठ्या शेतकऱ्यासमोर बसून बोलायला मिळालं. मुका श्रोता बोलू लागला तो असा.

पुढे काय झालं, हेही ऐकायला पाहिजे. १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली. मंडळांची संख्या हजारोंनी वाढली. कागदावर वाढली, असं म्हणायला हवं. कारण दीडशे गावांत निमंत्रक शोधायला, त्यांना तयार करायला, त्यांच्याकडे जाऊन यायला माणसं होती. हजारो गावांत ती नव्हती. रेडिओ वाटता आले, निमंत्रक वाटता आले नाहीत. मोठं करताना जे स्वस्त होतं तेवढंच मोठं झालं, आणि ज्याच्यामुळे प्रयोग चालला होता ते महाग म्हणून मागे राहिलं. मूकच्या इतिहासात आम्हाला हेच पुन्हा दिसतं.

मधल्या काळावरून आपण भरभर जाऊ. १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. पुणे विद्यापीठाच्या केंद्रातही त्याचे कार्यक्रम तयार होत. दुपारची वेळ, बहुतांशी इंग्रजी, आणि खेड्यात टीव्ही मोजक्या घरांत. ज्यांनी पाहिला त्यांना तो आवडला. आमच्या पिढीतल्या कित्येकांना जीवशास्त्राची गोडी त्यानं लावली. पण गावात त्याचं मंडळ कोणी काढलं नाही.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. बीडच्या दृष्टीनं हे मूकपेक्षा कितीतरी मोठं पाऊल होतं, आणि त्याची पुरेशी कदर झालेली नाही असं आमचं मत आहे. शाळा अर्ध्यात सुटलेल्या माणसाला, बारावी न झालेल्या बाईला ‘पूर्वतयारी’ करून पदवीला बसता येऊ लागलं. पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी मुद्दाम लिहिलेली. आणि तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, तिथं सुटीच्या दिवशी संपर्क सत्र. सत्रं सगळीकडे सारखी चांगली होत नसत, हे खरं. कुठे शिक्षक यायचे, कुठे नुसती सही व्हायची. तरी रचनेत ‘जायची जागा’ आणि ‘विचारायचा माणूस’ या दोन्ही गोष्टी होत्या. अंगणवाडी सेविका, होमगार्ड, कंडक्टर, किराणा दुकानदार असे लोक पदवीधर झाले ते या वाटेनं.

आणखी एक उदाहरण, ज्याला शिक्षणतज्ज्ञ नाकं मुरडतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी. तो मोफत नव्हता, खोल नव्हता, आणि पुष्कळांनी तो सरकारी नोकरीला लागतो म्हणूनच केला. पण एक कोटीहून जास्त लोकांनी तो केला. धारूर असो की वडवणी, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा जागी एक केंद्र, दहा-बारा संगणक, आणि ‘सर, माउस हलत नाही’ म्हटलं की उठून येणारा एक मुलगा किंवा मुलगी. धडे संगणकावरच होते, म्हणजे आजच्या भाषेत ऑनलाइन शिक्षणच. पण ते खोलीत घडत होतं, चार लोकांत.

आता आजच्या काळात येऊ. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. ९ जुलै २०१७ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ सुरू झालं. शिकायला मोफत; परीक्षेला बसायचं तर फी, जी बरीच वर्षं हजार रुपये होती. एनपीटीईएलची प्रमाणपत्र परीक्षा त्याआधी, २०१४ पासूनची. तिची रीत तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. दर आठवड्याला असाइनमेंट, ठरलेल्या तारखेच्या आत. त्यांचे २५ गुण. आणि केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची परीक्षा ७५ गुणांची.

ही रीत बीडच्या वर्षाशी ताडून पाहा. जिल्ह्यातून काही लाख लोक दरवर्षी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि सहकारी कारखाने वाढले तसं हे स्थलांतर वाढत गेलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. फडाजवळ कोपी घालून राहतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परत. स्वयम्‌ची सत्रं दोन : जुलैची आणि जानेवारीची. जुलैतला बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम ऑक्टोबरात संपतो आणि परीक्षा नेमकी निघायच्या धांदलीत येते. जानेवारीचं सत्र तर पूर्ण हंगामातच. जो तरुण आईबापांबरोबर फडावर आहे त्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि गाडी भरून झाली की संपतो. जो मागे राहिला आहे, बहुतेकदा जी मागे राहिली आहे, तिच्यावर म्हातारी माणसं, धाकटी भावंडं आणि एखादी म्हैस आहे. घरात स्मार्टफोन एकच असेल तर तो बापाबरोबर गेलेला, कारण मुकादमाचा फोन त्यावर येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या चारेक घरांतच संगणक होता, इंटरनेटची सोय पंधरा घरांत. त्यानंतर मोबाइल पुष्कळ वाढले, पण ‘घरात मोबाइल आहे’ आणि ‘मुलीच्या हातात संध्याकाळी दोन तास मोबाइल आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हटलं गेलं तेव्हा बालाघाटच्या डोंगरातल्या गावांना ते चांगलंच कळलं.

‘कधीही शिका, कुठेही शिका’ असं मूकचं घोषवाक्य असतं. पण असाइनमेंटची तारीख कधीही नसते आणि परीक्षेचं केंद्र कुठेही नसतं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, ज्याला जमतं तो करेल, नाही जमत तो सोडेल. कोणावर सक्ती थोडीच आहे? इथं आम्हाला खरी काळजी वाटते. २०१६ च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्रातली २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम्‌वरून घ्यायची मुभा दिली. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली. मुभा चांगलीच आहे. आपल्या कॉलेजात नसलेला विषय विद्यार्थ्याला घेता येतो. पण त्याच काळात महाराष्ट्रातल्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा मोठ्या संख्येनं रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावरच्या, ज्यांना सगळे सीएचबी म्हणतात, त्या शिक्षकांवर वर्ग चालू आहेत. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं तासावर पैसे घेऊन शिकवतात आणि उन्हाळ्यात त्यांना पगार नसतो. अशा जागी चाळीस टक्क्यांची मुभा हळूहळू काय होऊ शकते? ‘तुमच्याकडे अर्थशास्त्राला माणूस नाही ना, मग व्हिडिओ लावा.’

ही भीती आमच्या मनातून निघालेली नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे राज्य विद्यापीठात हे घडलं. हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा ‘न्याय’ या विषयावरचा गाजलेला अभ्यासक्रम तिथं वापरावा असा आग्रह झाला. तिथल्या तत्त्वज्ञान विभागानं सँडेल यांनाच खुलं पत्र लिहून नकार कळवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की यातून दोन प्रकारची विद्यापीठं तयार होतील. श्रीमंतांच्या मुलांना समोर जिवंत प्राध्यापक, आणि इतरांना त्याच प्राध्यापकाचं चित्रण. त्याच विद्यापीठानं त्याच वर्षी युडॅसिटीबरोबर गणिताचे अभ्यासक्रम करून पाहिले. नेहमीच्या वर्गापेक्षा खूप कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले, काहींकडे घरी संगणकच नव्हता असं निघालं, आणि तो करार थांबवावा लागला. जगातल्या सर्वात श्रीमंत राज्यांपैकी एकात हे झालं. वर्षअखेरीस थ्रन यांनी स्वतःच आपलं उत्पादन चांगलं नव्हतं अशी कबुली दिली, आणि युडॅसिटी नोकरदारांच्या कौशल्य-अभ्यासक्रमांकडे वळली. एडएक्सही २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं, आणि ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. मोफत शिक्षणाचा खर्च कोणीतरी करत असतो, आणि त्याला कंटाळा येऊ शकतो.

म्हणून मूक नको, असं आम्ही म्हणणार नाही. गेवराईच्या मुलीला मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकाचा तास ऐकता येतो, तोही तीनदा मागे नेऊन, हे तिच्या आजीला कोणी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. रामानंद तीर्थांच्या शाळेत जे नव्हतं ते आज आहे. त्या शाळेत जे होतं ते मात्र आज जागेवर ठेवावं लागेल. आणि त्यासाठी फार मोठी योजना लागते असं नाही. शासनानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. हंगामात आईबाप फडावर असताना मुलं एका जागी राहतात, तिथं संध्याकाळ मोकळी असते. तिथं एक पडदा, चालणारं इंटरनेट, आणि एक सीएचबी शिक्षक किंवा शिक्षिका, जिला त्या कामाचे वेगळे आणि वेळेवर पैसे मिळतील. दहा-बारा मुलांनी मिळून एकच अभ्यासक्रम घ्यायचा. व्हिडिओ वीस मिनिटं, मग तो बंद करून चाळीस मिनिटं बोलायचं, मराठीत, ‘विभवांतर’ आणि ‘व्होल्टेज’ दोन्ही शब्द वापरून. अडलेलं लिहून ठेवायचं आणि पाठवायचं. १९५६ चीच रीत, फक्त रेडिओच्या जागी पडदा.

परीक्षेच्या फीचा प्रश्न राहतो. दहा मुलांचे दहा हजार धरले तरी एखाद्या माजी विद्यार्थी मंडळाला, ग्रामपंचायतीला तो जड नाही. केंद्र लांब असेल तर एक जीप करावी लागेल. सत्राच्या तारखा मात्र आपल्या हातात नाहीत. त्या हलवण्याची मागणी विद्यापीठाकडून वर गेली पाहिजे, आणि ती करताना गाळप हंगामाचं वेळापत्रक सोबत जोडलं पाहिजे. आमच्या माहितीत तसा अर्ज अजून कोणी केलेला नाही. समोर कॉलेजांचे दोन-तीन प्राचार्य बसलेले दिसताहेत, म्हणून मुद्दाम बोललो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.